वीरगळ आणि वर्गातली मुलं: गावच्या दगडांची नोंद ते शाळेतलं प्रदर्शन

महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत मारुतीच्या देवळामागे, पारावर, बारवेपाशी किंवा शेताच्या बांधावर कोरीव उभे दगड असतात. काहींना शेंदूर फासलेला असतो, काहींवर कपडे धुतले जातात, काही जीर्णोद्धाराच्या वेळी कंपाउंडच्या भिंतीत चिणले गेलेले असतात. यातले बरेचसे वीरगळ असतात. लढताना मेलेल्या माणसाची आठवण राहावी म्हणून मागे राहिलेल्यांनी उभा केलेला दगड म्हणजे वीरगळ. मुलांना इतिहासाचं स्मरण कसं करतात हे शिकवायचं असेल, तर गावानेच कधीकाळी केलेलं हे स्मरण शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर उभं असतं.

हा लेख सातवी ते नववीच्या मुलांना घेऊन असा प्रकल्प पहिल्यांदाच करणाऱ्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी आहे. चोवीस मुलं, चौघांचे सहा गट आणि साधारण आठ आठवडे, असा हिशोब धरला आहे. एक सूत्र शेवटपर्यंत सोडू नका: आधी नोंद, मग कला. नोंद कच्ची राहिली की नाटकातला वीर कुठल्याही मालिकेतल्या वीरासारखा होतो आणि गावातला दगड बाजूलाच राहतो.

## १. आधी तुम्ही दगड वाचायला शिका

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. नव्याने बघणारा माणूस वरून सुरुवात करतो आणि गोष्ट उलटी होते. मुलांच्या बाबतीत तर ही चूक ठरलेलीच, म्हणून पहिल्या तासाला फळ्यावर तीन चौकोन काढा आणि त्यांना खालून १, २, ३ असे आकडे द्या.

नेहमीच्या मांडणीत सर्वांत खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. त्याच्या शेजारी किंवा वरच्या चौकटीत लढाई असते: ढाल-तलवार घेतलेली माणसं, कधी घोडा, कधी धनुष्य. त्याच्या वर अप्सरा वीराला दोन्ही बाजूंनी धरून किंवा विमानात बसवून वर नेतात. सर्वांत वरच्या चौकटीत शिवपिंड असते, तिच्यापुढे वीर हात जोडून बसलेला असतो आणि बहुधा एक पुजारीही असतो. माथ्यावर चंद्र-सूर्य आणि पुष्कळदा कलश. चंद्र-सूर्य असेपर्यंत ही कीर्ती टिकेल, असा त्याचा अर्थ.

सर्वांत खाली किंवा लढाईच्या चौकटीत गायी दिसल्या, तर गावचं गोधन पळवणाऱ्यांशी लढताना मरण आलं असं समजतात. वाघाशी झुंजणारा माणूस असेल तर मरणाचं कारण वेगळं. मुंबईत बोरिवलीजवळच्या एक्सर इथल्या वीरगळांवर तर चक्क जहाजं आणि वल्ही कोरलेली आहेत. ते आरमारी लढाईचे वीरगळ आहेत आणि अभ्यासक त्यांचा संबंध तेराव्या शतकातल्या शिलाहार आणि यादव या राजघराण्यांच्या संघर्षाशी जोडतात. मुलांना एक्सरच्या दगडाचा फोटो दाखवून "हा कुठे लढला असेल?" एवढंच विचारा. दगडातून माहिती कशी काढतात ते त्यांना एका प्रश्नात समजतं.

वीरगळांच्या सोबतीने आणखी दोन प्रकारचे दगड भेटतात. त्यांची तयारी आधीच करून ठेवा.

सतीशिळा: दगडातून बाहेर आलेला, कोपरात काटकोनात वाकलेला, बांगड्या भरलेला हात ही तिची खूण. मुलं विचारणारच, आणि त्यांना खरं सांगा. सतीची प्रथा ब्रिटिश अमलात १८२९ मध्ये बंगाल प्रांतात कायद्याने बंद झाली. १९८७ च्या सती प्रतिबंध कायद्यानुसार सतीचं उदात्तीकरण करणं हाही गुन्हा आहे. त्यामुळे नोंद करा, मोजमाप घ्या, चर्चा करा. पण सतीशिळेची आरती, सती जाण्याचा प्रवेश किंवा "धन्य ती माउली" अशा ओळी प्रदर्शनात येऊ देऊ नका.

गधेगाळ: हा दानपत्राचा दगड. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव व स्त्री यांचं शिल्प. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी आहे. शिल्प उघडच अश्लील असतं. कोकणात आणि शिलाहारांच्या मुलखात काम करणाऱ्यांनी मुलांना नेण्याआधी स्वतः जाऊन बघणं म्हणूनच फार गरजेचं आहे. मोठ्या मुलांना "ही शापवाणी आहे" एवढं सरळ सांगितलं की विषय तिथे संपतो. लपवाछपवी केली की तो दिवसभर पुरतो.

आणि एक सापळा. ढाल-तलवार दिसली की "हा महाराजांचा मावळा" असं मुलंच काय, मोठी माणसंही म्हणतात. पुष्कळ वीरगळ शिवकाळाच्या कितीतरी आधीचे, शिलाहार-यादवांच्या काळातले असतात, आणि ही प्रथा पुढेही चालू राहिली. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव किंवा साल नसतं. साल माहीत नसेल तर नोंदीत "काळ अज्ञात" लिहा. हे दोन शब्द लिहायला मुलं कचरतात, त्यांना ते मुद्दाम लिहायला लावा.

## २. मुलांविना पहिली फेरी आणि परवानग्या

मुलांना नेण्याच्या किमान दोन आठवडे आधी एकटे किंवा एखाद्या सहकाऱ्याबरोबर जाऊन या. बघायच्या गोष्टी: दगड किती आहेत, सावली कुठे आहे, जवळ उघडी विहीर किंवा बारव आहे का, झाडावर आग्यामोहोळ आहे का, पाणी आणि स्वच्छतागृह किती लांब आहे, आणि ऊन दगडाच्या तोंडावर कोणत्या वेळी तिरपं पडतं. ही शेवटची वेळ घड्याळ बघून लिहून ठेवा, फोटोच्या दिवशी तीच कामाला येते.

काम नोव्हेंबर ते जानेवारीत करा. पावसाळ्यात दगड शेवाळलेले असतात आणि गवतात साप असतात, एप्रिलमध्ये ऊन आणि परीक्षा.

लागणारी कागदपत्रं:

- मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र, प्रकल्पाचा हेतू आणि तारखा लिहिलेलं
- ग्रामपंचायतीला दिलेल्या पत्राची पोच
- दगड देवळाच्या आवारात असेल तर विश्वस्तांचं किंवा पुजाऱ्यांचं लेखी संमतिपत्र, शेतात असेल तर मालकाचं
- प्रत्येक पालकाचं संमतिपत्र, फोटो काढण्याची संमती त्यातच वेगळ्या ओळीत
- स्मारक संरक्षित असेल तर संबंधित पुरातत्त्व कार्यालयाला पत्र

संरक्षित स्मारकाजवळ सूचनाफलक असतो. केंद्राच्या ताब्यातली स्मारकं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, राज्याची स्मारकं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. फलक नाही म्हणजे दगडाला कायदा नाही, असं मात्र नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी शिल्पं येतात आणि जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे: दगड हलवायचा नाही, उकरायचा नाही, शाळेत आणून ठेवायचा नाही. "शाळेत सुरक्षित राहील" हा विचार कितीही चांगल्या मनाने केला, तरी दगड मूळ जागेवरून निघाला की त्याचं तोंड कोणत्या दिशेला होतं, तो कोणत्या देवळाशी, वाटेशी किंवा शिवेशी जोडलेला होता, ही सगळी माहिती कायमची जाते.

## ३. साहित्य

सहा गटांसाठी:

- ३ मीटरच्या मोजपट्ट्या ६
- जाड पुठ्ठ्याच्या २० सेंमी लांबीच्या पट्ट्या ६, दर ५ सेंमीला काळा-पांढरा रंग (फोटोत मापासाठी)
- होकायंत्र १, किंवा फोनमधलं
- बॅटरी (टॉर्च) ६ आणि साधारण ३० × ४५ सेंमीचा आरसा १, कडांना चिकटपट्टी लावून
- आलेखकागद, लिहायचं पॅड, एचबी पेन्सिली, खोडरबर
- रंगकामाचे २ इंची, मऊ, कोरे ब्रश ३, फक्त सुटी धूळ आणि पाचोळा झटकायला
- ओळंबा १ आणि सुतळी
- प्रथमोपचार पेटी
- नोंदपत्रकं, दर दगडाला दोन

न न्यायच्या गोष्टींची यादी मुलांना वाचून दाखवा: खडू, पीठ, हळद, तेल, तारेचा ब्रश, खिळा, साबण, ॲसिड. कोरीव काम उठून दिसावं म्हणून खडू किंवा पीठ चोळायची सवय फार जुनी आहे. पण ती भुकटी दगडाच्या छिद्रांत बसते, ओल धरते, आणि चोळताना झिजलेल्या कडा आणखी झिजतात. दगडावरचं दगडफूल (लायकेन) खरवडलं की त्याच्याबरोबर पृष्ठभागाचा पापुद्रा निघतो. शेंदराच्या थराला तर हातच लावू नका. तो कोणाच्या तरी श्रद्धेचा आहे आणि खालचं शिल्प कधीकधी त्याच थरामुळे टिकलेलं असतं.

## ४. नोंदपत्रक: "दिसतं" आणि "वाटतं"

सगळ्या प्रकल्पाचं यश या एका कागदावर आहे, त्यामुळे इथे घाई करू नका. पत्रकाच्या वरच्या भागात साधे रकाने ठेवा: दगडाचा क्रमांक, जागा, तोंड कोणत्या दिशेला, दगडाचा प्रकार (काळा बेसाल्ट, जांभा किंवा इतर), जमिनीवरची उंची, रुंदी, जाडी, चौकटींची संख्या, तडे किंवा तुटलेला भाग, सध्याचा वापर, गावात काय म्हणतात, नोंदीची तारीख, नोंद करणाऱ्यांची नावं.

"उंची" असं नुसतं लिहू नका, "जमिनीवरची उंची" लिहा. वीरगळाचा खालचा भाग पुष्कळदा मातीत गेलेला असतो. सर्वांत खालच्या चौकटीत वीराऐवजी लढाईच दिसली, तर पडलेला वीर जमिनीखाली असण्याची शक्यता आहे. मुलांना उकरून बघायचा मोह होतो. तो तिथेच थांबवा आणि "खालचा भाग पुरलेला असावा" ही नोंद करायला सांगा.

क्रमांक देताना गावाचं आद्याक्षर, जागेचं अक्षर आणि आकडा असं ठेवा: "ग-मा-३" म्हणजे या गावातला, मारुतीच्या देवळापाशी असलेला तिसरा दगड. हा क्रमांक दगडावर लिहायचा नाही, नकाशावर लिहायचा.

पत्रकाच्या खालच्या अर्ध्या भागात दोन उभे रकाने आखा. डावीकडे "दिसतं", उजवीकडे "वाटतं". दर चौकटीसाठी एक ओळ, खालून वर. उदाहरणार्थ:

दिसतं: चौकट १. एक माणूस आडवा, डोकं आपल्या डावीकडे. उजवा हात डोक्यामागे. कमरेपाशी लांब वस्तू. वर चार पायांचे तीन प्राणी, दोघांना शिंगं.
वाटतं: वीर मेलेला आहे. लांब वस्तू तलवार असावी. प्राणी गायी, तिसऱ्याचं शिंग झिजलं असावं.

मुलं सुरुवातीला "शूर वीर गायींसाठी लढता लढता धारातीर्थी पडला" असं सगळं डाव्या रकान्यात लिहितात. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून विचारा, "हे दगडावर दाखव." शूर दाखवता येत नाही, तो शब्द उजवीकडे जातो. शिंग दाखवता येतं, ते डावीकडे राहतं. एका दगडावर पाऊण तास गेला तरी चालेल. दुसऱ्या दगडापासून मुलं एकमेकांना हाच प्रश्न विचारू लागतात.

एका दगडाची नोंद दोन गटांनी एकमेकांचं न बघता करावी. दोन पत्रकं जुळत नाहीत तिथे वर्गात खरी चर्चा होते.

## ५. फोटो आणि रेखाटन

भर दुपारी समोरून काढलेल्या फोटोत झिजलेलं कोरीव काम सपाट दिसतं. प्रकाश बाजूने, दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ घासून यायला हवा. मग प्रत्येक उठावाची सावली पडते आणि पुसट झालेली आकृती वर येते. याचे तीन मार्ग:

सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन, जर दगडाचं तोंड तसं असेल तर. नसेल तर उन्हात उभं राहून दोन-तीन मीटरवरून आरशाने कवडसा बाजूने पाडायचा. आरसा फक्त मोठ्या माणसाने धरायचा, कवडसा कोणाच्या डोळ्यांवर जाता कामा नये. तिसरा मार्ग म्हणजे सावलीत किंवा अंधारू लागल्यावर टॉर्च दगडाच्या कडेपाशी, पृष्ठभागाशी साधारण १५ ते २० अंशांचा कोन करून धरायची. एकाने टॉर्च हळूहळू फिरवावी, बाकीच्यांनी बघावं. डावीकडून न दिसलेला घोड्याचा पाय उजवीकडून दिसतो, म्हणून दोन्ही बाजूंनी फोटो घ्या.

दर दगडाचे फोटो: पूर्ण समोरून मापपट्टीसह, दोन्ही बाजू, मागची बाजू, प्रत्येक चौकट वेगळी, आणि आजूबाजूच्या परिसरासह एक लांबून. फोन दगडाला समांतर धरा. जवळ जाऊन फोन वर तिरपा केला की माथा निमुळता दिसतो आणि त्यावरून काढलेलं चित्र चुकतं. दोन-तीन मीटर मागे जाऊन दुप्पट झूम करणं बरं. मापपट्टी दगडाच्या तोंडाच्याच पातळीत ठेवा, पुढे जमिनीवर ठेवलेली पट्टी खोटं माप दाखवते.

फोटो असला तरी रेखाटन सोडू नका. फोटो काढताना डोळा दगडावरून घसरतो, चित्र काढताना तो थांबतो. प्रमाण १:५ घ्या. म्हणजे ९० सेंमी उंच, ४० सेंमी रुंद दगड १८ × ८ सेंमीत बसतो आणि ए-४ आलेखकागद पुरतो. दगडासमोर काठीच्या तिकाटण्यावरून ओळंबा सोडा, सुतळीला दर १० सेंमीला गाठ मारा. सुतळी दगडाला बांधायची किंवा चिकटवायची नाही. गाठींवरून उंची आणि पट्टीने सुतळीपासूनचं आडवं अंतर घेत घेत मुख्य बिंदू मांडा, मग जोडा.

रेषांची भाषा ठरवून द्या: स्पष्ट दिसतं ते सलग रेषेने, पुसट आहे ते तुटक रेषेने, फुटलेला भाग तिरप्या रेघांनी. हे न सांगितल्यास मुलं झिजलेल्या चेहऱ्याला मिशा आणि डोक्याला मुकुट देऊन मोकळी होतात.

### दगडावर अक्षरं असतील तर

आनंदाची गोष्ट आहे, पण शाईचा ठसा घ्यायला जाऊ नका. ते शिकलेल्या माणसाचं काम आहे, शाई दगडात मुरली तर परत निघत नाही. वेगवेगळ्या बाजूंच्या तिरप्या प्रकाशात दहा-बारा फोटो घ्या आणि शिलालेखांच्या जाणकाराला पाठवा. मुलांनी ओळखता येणारी अक्षरं तेवढी लिहावीत, न कळलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्यावं. "स्वस्ति श्री", "शके", "संवत्सरे" हे शब्द आधी शोधा.

शके वाचता आलं तर त्यात ७८ मिळवून इसवी सन मिळतं, आणि जानेवारी ते चैत्र पाडव्याच्या आधीची तिथी असेल तर ७९. संवत्सराचं नावही असेल तर पडताळा घेता येतो. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, जी बाकी उरेल तो साठ संवत्सरांच्या चक्रातल्या पहिल्या, म्हणजे प्रभव संवत्सरापासून मोजलेला क्रमांक. शके ११८७ घ्या: ११९९ भागिले ६०, बाकी ५९, म्हणजे क्रोधन, इसवी सन १२६५-६६. दगडावर दुसरंच नाव असेल तर बहुधा एखादा आकडा चुकीचा वाचलेला असतो. एखाद-दुसऱ्या वर्षाचा फरक मात्र जुन्या लेखांत खरोखरही सापडतो, त्यामुळे लगेच खोडून टाकू नका, नोंद करा. गणिताच्या शिक्षकांना हा तास द्या, ते आनंदाने घेतात.

## ६. गावाशी बोलणं

दगडाभोवती राहणारी चार-पाच वयस्क माणसं पुरेत. दोन मुलं विचारतील, एक लिहील, एक परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करील. "आजोबा, हा वीर कोण होता?" हा प्रश्न पहिला नको. समोरचा माणूस मुलांचं मन राखायला काहीतरी सांगतो आणि तेच पुढे इतिहास म्हणून फिरतं. असे प्रश्न बरे: याला काय म्हणता? पूजा कोण करतं, कधी? तुमच्या लहानपणी हा इथेच होता का? रस्ता झाला, देऊळ बांधलं तेव्हा काय झालं? आणखी असे दगड कुठे होते?

दगड हलल्याची माहिती सर्वांत मोलाची असते, आणि ती फक्त याच पिढीकडे आहे.

दोन भावक्या एकाच दगडाला आपला पूर्वज म्हणतात, असं होतं. दोन्ही सांगणी, सांगणाऱ्याच्या संमतीने, जशीच्या तशी लिहा. निवाडा शाळेने करायचा नाही. प्रदर्शनाच्या फलकावर वीराची जात लिहू नका, दगडावर ती नसते. शत्रू कोण होता तेही दगडावर बहुधा नसतं. मुलांच्या गोष्टीत शत्रूला आजच्या एखाद्या समाजाचं नाव चिकटलेलं दिसलं, तर "वाटतं" च्या रकान्यातही ते राहू देऊ नका. वीरगळावरची पुष्कळशी भांडणं शेजारच्या सरदाराशी, लुटारूंशी किंवा गुरं पळवणाऱ्यांशी होती.

## ७. आता निर्मिती: आपला स्वतःचा वीरगळ

नोंदी पूर्ण झाल्यावर प्रत्येक गटाने शाडूत एक स्मृतिशिळा करावी, जुन्या वीरगळाची नक्कल नव्हे. आजच्या काळातल्या कोणाची किंवा कशाची आठवण गावाने ठेवायला हवी, ते गटाने ठरवायचं. दुष्काळात विहीर खोदणारी माणसं असतील, पुरात लोकांना बाहेर काढणारे असतील, पहिली शिकलेली मुलगी असेल. मांडणी वीरगळाचीच: तीन चौकटी, खालून वर. खाली काय गमावलं, मध्ये काय केलं, वर काय.

वरच्या चौकटीवर सर्वांत जास्त वेळ जातो आणि तो जाऊ द्या. जुन्या शिल्पकाराने तिथे कैलास कोरला, कारण त्याच्या काळात त्याहून मोठं बक्षीस नव्हतं. विहीर खोदणाऱ्याला वर काय द्यायचं? भरलेली घागर? हिरवं शेत? त्याचं नाव? मुलं यावर भांडतात, आणि स्मारक कशासाठी उभारतात हे त्या भांडणात त्यांना सापडतं. चंद्र-सूर्य ठेवायचे की नाहीत, तेही त्यांनाच ठरवू द्या.

कृती: ३० × १५ × ३ सेंमीच्या एका पाटीला साधारण अडीच किलो मळलेली शाडू लागते, उठावासाठी अर्धा किलो वेगळी ठेवा. पाटी प्लास्टिकच्या कागदावर, दोन्ही बाजूंना ३ सेंमी जाडीच्या फळ्या ठेवून लाटण्याने सपाट करा, म्हणजे जाडी सारखी येते. चौकटींच्या रेषा आधी टोकदार काडीने आखा. उठाव ५ ते ८ मिमीच ठेवा. आकृती चिकटवताना दोन्ही पृष्ठभागांवर काडीने आडव्या-उभ्या रेघा ओढा, शाडूचाच पातळ चिखल लावा आणि मग दाबा. नुसती ओली आकृती दाबून बसवली की वाळल्यावर ती टपकन निघते.

वाळवणं सावलीत, वर्तमानपत्र झाकून, सहा-सात दिवस. दुसऱ्या दिवशी पाटी थोडी घट्ट झाली की उलटी करा, नाहीतर कडा वर उचलल्या जातात. तडे जाण्याची कारणं तीन: उन्हात ठेवलं, जाडी असमान राहिली, किंवा माती फार ओली होती. बारीक तडा शाडूच्या पेस्टने भरता येतो. आरपार गेलेला तडा भरू नका, तसाच ठेवा आणि त्या गटाला फुटक्या दगडाची नोंद कशी करतात ते त्याच पाटीवर दाखवा.

नाटकाची आवड असलेल्या गटासाठी "दगड बोलतो" असं चार मिनिटांचं स्वगत करता येतं. संहितेतलं प्रत्येक वाक्य रंगवायचं: दगडावर दिसतं ते हिरवं, गावाने सांगितलं ते पिवळं, आपण कल्पिलं ते लाल. लाल वाक्यं बोलताना मुलाने एक पाऊल बाजूला व्हायचं. प्रेक्षकांना काहीही समजावून सांगावं लागत नाही.

## ८. प्रदर्शन आणि नोंदवही

२६ जानेवारीला ग्रामसभा असते आणि गाव आपोआप जमतं, प्रदर्शन त्या दिवशी ठेवा. ती तारीख चुकली तर १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन किंवा पुढच्या १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताहही आहे.

फलकाचा मध्य जमिनीपासून १३० सेंमीवर. एका फलकावर ५०-६० शब्द, त्याहून जास्त कोणी वाचत नाही. प्रत्येक दगडाचं रेखाटन, तिरप्या प्रकाशातला फोटो आणि दोन्ही रकाने शेजारी शेजारी लावा. शाडूच्या पाट्या टेबलावर आडव्या ठेवा, भिंतीला टेकवून नकोत. एक कोरा फलक आणि पेनं ठेवा, वर लिहा: "असा दगड आणखी कुठे पाहिलात?" नवे दगड या फलकावरून सापडतात.

नोंदवहीच्या तीन प्रती करा: शाळेला, ग्रामपंचायतीला आणि पुरातत्त्व संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला. ग्रामपंचायतीच्या प्रतीसोबत एक पानाचं पत्र जोडा: दगडांना ऑइल पेंट लावू नये, सिमेंटमध्ये बसवू नये, भोवती पाणी साचू देऊ नये, रस्त्याच्या कामात हलवायची वेळ आली तर आधी पुरातत्त्व खात्याला विचारावं. सुशोभीकरणाच्या नावाखाली सिमेंटचा चौथरा बांधला की ओल आणि क्षार दगडात वर चढतात आणि पायथ्याचं कोरीव काम सुटू लागतं. गाव हे प्रेमाने करतं, म्हणूनच आधी सांगायला हवं.

समाजमाध्यमांवर फोटो जरूर टाका, पण सुट्या, सहज उचलता येणाऱ्या दगडांचं नेमकं ठिकाण टाकू नका. मूर्तिचोरांना तेवढंच हवं असतं. फोनमधली स्थाननोंद फोटो काढण्यापूर्वीच बंद करा. जागेची नोंद वहीत असतेच.

## ९. गावात वीरगळ नसेल तर

स्मरणाचे इतर दगड शोधा, पायऱ्या याच. अनेक गावांत, विशेषतः सातारा भागात, पहिल्या महायुद्धाची इंग्रजी पाटी असते: या गावातून १९१४ ते १९१९ च्या युद्धात इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. पाटीवर आकडे असतात, नावं बहुधा नसतात. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या ऑनलाइन यादीत गाव आणि जिल्ह्यावरून नावं शोधता येतात. फ्रान्समधल्या नव्ह-शापेल इथल्या स्मारकावर भारतीय सैनिकांची नावं कोरलेली आहेत. इराकमधल्या बसरा इथल्या स्मारकावर मात्र भारतीय अधिकाऱ्यांचीच नावं कोरली गेली, साध्या शिपायांची नाहीत. गावाचं नाव त्या काळच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये असतं, त्यामुळे पाच-सहा प्रकारे लिहून बघायला लागतं.

१९४२ च्या हुतात्म्यांचे स्तंभही आहेत. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबारात मारला गेलेला शिरीषकुमार शाळकरी मुलगा होता, त्याच दिवशी साताऱ्यातल्या वडूजला मोर्चावर गोळ्या चालल्या. अशा स्तंभापुढे मुलांना सालाचं कोडं नसतं. तिथे "दिसतं" च्या रकान्यात नावं येतात आणि काम पुढे ती नावं कोणत्या घरातली, याकडे जातं. घरच्यांशी बोलण्याआधी शिक्षकाने एकदा स्वतः भेटून यावं.

पुढच्या वर्षीच्या वर्गाला नवी गावं देण्याआधी याच नोंदवहीतले दगड पुन्हा मोजायला द्या. जमिनीवरची उंची, तडे, रंग, जागा. ७२ सेंमीचा दगड ६५ सेंमी भरला, तर भोवतालची माती चढली की दगड खचला, हे शोधण्यापासून त्यांचं काम सुरू होईल.